बाईंची बंद झालेली बस

बाई मला नावाने हाक मारत नसत. ‘भाडेकरू’ म्हणत. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी आणि बायको मुलुंडला, डोंगराच्या बाजूच्या सोसायटीत, बाईंच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत राहिलो, एवढं खरं आहे. पुढे त्याच सोसायटीत मी स्वतःचा फ्लॅट घेतला, त्याचं कर्ज फिटलं, माझे केस पिकले, मी सोसायटीचा खजिनदार झालो. बाईंच्या लेखी काहीच बदललं नाही. वार्षिक सभेत मी हिशेब वाचायला उभा राहिलो की बाई आपल्या शेजारणीला, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, “हा माझा भाडेकरू. बेरीज चांगली करतो.”

बाईंबद्दल लोक बरंच वाढवून सांगतात. त्यांनी एका माजी नगरसेवकाला काठीने मारलं, असं ‘सी’ विंगमध्ये अजून सांगितलं जातं. मारलं नाही. काठी उचलली होती, आणि तीही बसस्टॉपकडे बोट दाखवावं तशी. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तेव्हा मी पाहिलं तेवढंच लिहितो.

बाई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. दिसायला लहानखुऱ्या, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि आवाज असा की जिन्यात बोलल्या तर गच्चीवर कळावं. ट्रंक कॉलच्या काळात तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच येऊन विचारत असे, वाढवायचं का. खातं बदललं, यंत्रं बदलली, बाई निवृत्त झाल्या, पण ही सवय त्यांनी घरी आणली. कुणीही बोलायला लागलं की मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांची नजर जाई आणि वेळ भरली की त्या म्हणत, “तीन मिनिटं झाली. वाढवायचं?” ‘हो’ म्हटलं तर पुढची तीन मिनिटं मिळत. गांगरून गप्प बसलं तर त्या “ठेवते मग” म्हणून आत निघून जात. डॉक्टर, भटजी, विमा विकणारा, कुणाला सवलत नव्हती. एकदा सत्यनारायणाच्या कथेत तिसऱ्या अध्यायाला त्यांनी विचारलं होतं. गुरुजींनी वाढवायचं म्हणून सांगितलं.

माझ्या बायकोला सुरुवातीला हे फार लागलं. सासरच्या तक्रारी सांगायला ती बाईंकडे जायची आणि ऐन रंगात आलं की घड्याळ आडवं यायचं. वर्षभराने ती म्हणाली, “खरं सांगू? तीन मिनिटांत मावत नाही अशी माझी तक्रारच नाहीये.” त्यानंतर दोघींचं उत्तम जमलं.

स्वतः बाई मात्र फोनवर बोलत नसत. भाच्याने घेऊन दिलेला मोबाइल बंद करून कपाटात ठेवला होता. “पस्तीस वर्षं जगाचे फोन जोडले. आता ज्याला बोलायचंय त्याने यावं,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बाईंना काहीही कळवायचं तर चपला घालाव्या लागत.

आणि बाईंना कुठे जायचं असेल तर बस लागत असे.

आमची सोसायटी चढाच्या टोकाला आहे. स्टेशनवरून निघालेली बस चढ चढून आमच्या फाटकाशी यायची, मोकळ्या जागेत वळायची आणि परत जायची. बाईंच्या गुडघ्यांनी सत्तरीतच राजीनामा दिला होता. रिक्षावाले एवढ्याशा अंतराला मान हलवतात आणि ती मान कधी होकारार्थी हलत नाही. तेव्हा बस. पण गरज हे अर्धंच कारण. बाई रोज सकाळी आवरून, पिशवी घेऊन स्टॉपवर जात. कुठे निघालात असं विचारलं तर म्हणत, “बसमध्ये.” ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्या स्टेशनला जात, तिथून दुसरी बस धरत, ती नेईल तिथे जात. कधी वर्सोव्याला जाऊन सुकट घेऊन येत, कधी दहिसरचा नाका पाहून. नाक्यात पाहण्यासारखं काय आहे, असं मी एकदा विचारलं. “तो तिथेच आहे का ते पाहिलं,” म्हणाल्या.

नातेवाइकांची वर्गवारीही त्यांनी बसवरून केली होती. थेट बस जाते ते जवळचे. एक बदलावी लागते ते लांबचे. बस जातच नाही ते “असतील, मी नाही म्हणत नाही”. बहिणीचा मुलगा बदलापूरला राहत होता. सरळ, कष्टाळू माणूस, दर महिन्याला न चुकता येणारा, मावशीची औषधं भरून देणारा. पण राहायला बदलापूरला. बाईंच्या वर्गवारीत तो तिसऱ्या गटात होता आणि त्याला ते माहीत होतं.

गेल्याच्या गेल्या गणपतीआधी रस्त्याचं काँक्रीट करायला घेतलं आणि बस बंद झाली. स्टॉपच्या खांबावर कागद लागला: सेवा तात्पुरती स्थगित. तात्पुरती या शब्दाला मुंबईत मुदत नसते. रस्ता झाला, खडी उचलली, काँक्रीटवर आमच्या सोसायटीतल्या कुणाच्या तरी कुत्र्याचे पाय कायमचे उमटले, तरी बस आली नाही. कागदही पावसात गेला. त्यामुळे बस बंद आहे याचा पुरावासुद्धा राहिला नाही.

स्टॉप मात्र बहरला. हे मी थट्टेने म्हणत नाही, यादी माझ्यासमोर आहे, खिडकीतून दिसते. पत्र्याची शेड आधीपासून होती. तिच्याखाली माजी नगरसेवकांच्या प्रयत्नांतून एक स्टीलचं बाक, पाठीवर त्यांचा हात जोडलेला फोटो. शेजारी विरोधी पक्षाच्या प्रयत्नांतून दुसरं बाक, फोटो थोडा मोठा. मग ‘ज्येष्ठ नागरिक कट्टा’. मग दिव्यांची पाटी, तिच्यावर दिवसभर ‘सुस्वागतम्’ पळत असे. बस बंद झाल्यानंतर तिसरं बाक आलं. इतका सुसज्ज थांबा पाहून परगावचे पाहुणे भाबडेपणाने तिथे वाट बघत बसत. त्यांना उठवून पाठवण्याचं काम बाईंनी आपल्याकडे घेतलं होतं. “बसा हवं तर,” त्या सांगत, “बसायची सोय आहे. जायची नाही.”

त्या महिन्यांत बाई पहिल्यांदाच घरात दिसायला लागल्या. आवरून, बूट घालून, पिशवी खांद्याला लावून त्या खिडकीत बसत. एकदा चालत स्टेशनला जायला निघाल्या आणि चढाच्या मध्यावर एका गॅरेजवाल्याने त्यांना खुर्ची दिली. त्याच खुर्चीसकट दोघांनी उचलून घरी आणलं. हे बदलापूरला कळलं. पुढच्या रविवारी भाचा आला आणि या वेळी त्याने तीन मिनिटांच्या आतच सगळं सांगितलं. त्याच्या घरी एक खोली तयार आहे, बायकोची तक्रार नाही, मुलांच्या शाळा जूनमध्ये सुरू होतील त्याच्या आत मावशीने तिकडे यावं.

मी तिथेच होतो. बाई म्हणाल्या, “खोलीला खिडकी आहे?”

“आहे ना. झाड दिसतं बाहेर.”

“झाड कुठे जातं?”

भाचा हसला नाही. “मावशी, अगं इथे तू अडकलीयेस. बस नाही, रिक्षा येत नाही. उद्या पडलीस तर मला कळायलाही दोन दिवस लागतील. फोन तू उचलत नाहीस.”

हे सगळं बरोबर होतं. बाईंनाही ते दिसत होतं, म्हणून तर त्या चिडल्या नाहीत. त्यांनी अट घातली. शाळा सुरू होईपर्यंत बस परत आली तर त्या इथेच राहतील. नाही आली तर कुरकुर न करता बदलापूर. भाच्याने मान्य केलं. तो निघून गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “पाय देवाने दिले होते, ते तो परत घेतोय. त्याला काही बोलता येत नाही. बस पालिकेने दिली होती. तिला बोलता येईल. निवडणूक कधी आहे रे?”

निवडणूक बऱ्याच वर्षांनी होत होती. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता. त्यामुळे बॅनरवर बायकांचे फोटो आणि त्यांच्या खांद्यामागे त्यांच्याहून मोठे पुरुषांचे फोटो असा देखावा होता. दखल घ्यावी अशा तीन उमेदवार होत्या. एक माजी नगरसेवकांच्या पत्नी. नवऱ्याला सारा वॉर्ड ‘भाऊ’ म्हणे म्हणून यांना ‘वहिनी’. दुसऱ्या आर्किटेक्ट, वयाने लहान, वाहतुकीचा अभ्यास केलेल्या. त्यांचा भर मेट्रो, सायकलमार्ग आणि मोबाइलवरच्या ॲपवर. तिसऱ्यांनी सगळ्या बायकांना बसप्रवास मोफत करण्याचं आश्वासन दिलं होतं. न येणारी बस मोफत असायला आमच्या सोसायटीची हरकत नव्हती.

बाईंनी तिघींना रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात बोलावलं. निरोप द्यायला मला पाठवलं आणि सोबत एक अट दिली: येताना बसने यावं.

“पण बाई, बस बंद आहे,” मी म्हणालो.

“मला माहीत आहे. त्यांना आहे का ते बघू.”

मी तिन्ही प्रचार कार्यालयांत जाऊन निरोप दिला. तिन्ही ठिकाणी माना डोलावल्या. अडचण कुणीच काढली नाही.

रविवारी मी चाळीस खुर्च्या मांडल्या. पुढे दोनशे माणसं होती असं सांगण्यात येऊ लागलं. होती सव्वीस, त्यांत वॉचमन धरला आहे. आर्किटेक्टबाई आधी आल्या, सायकल हाताने ढकलत, हेल्मेट काखेत आणि चेहरा लाल. बस ॲपवर दिसत होती पण आली नाही, म्हणून सायकलने आल्या असं त्यांनी खरं सांगितलं. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि चढ कसा वाटला ते विचारलं. जरा दमछाक झाली म्हणाल्या. वय विचारलं. चौतीस. “माझं एक्याऐंशी,” बाई म्हणाल्या. “आता सांगा सायकलीचं.” त्यांनी तीन मिनिटं घेतली आणि वाढवून मागितली नाहीत. बोलल्या मात्र मुद्द्याचं. मोफतवाल्या बाई मोठ्या गाडीतून आल्या आणि प्रचारात बसने फिरायला सवड कुठे, असं हसत म्हणाल्या. तेही खरंच होतं. सगळ्यात शेवटी फाटकातून भाऊ चालत आले. पांढरे कपडे, कपाळ पुसत. त्यांच्यामागे जरा अंतर ठेवून वहिनी. त्यांच्या चपला धुळीने भरलेल्या.

“बाई, तुमची अट म्हणजे आम्हाला आज्ञा,” भाऊ बसता बसता म्हणाले. “बसने आलो.”

शेंगदाणे खाणारे थांबले. बाईंचा चेहरा अगदी ऑपरेटरचा झाला. म्हणजे त्यावर काहीच नव्हतं.

“मिळाली का जागा?”

“गर्दी होती जराशी. पण लोकांनी ओळखलं, दिली जागा. आपल्या वॉर्डातली माणसं फार चांगली.”

“आणि कंडक्टर?”

“अतिशय सज्जन. तिकीट द्या म्हणून मीच मागे लागलो.”

पहिल्यांदा आमचा वॉचमन हसला. मग सगळेच. भाऊंना काय चुकलं ते कळेना. ते हसणाऱ्यांबरोबर हसू लागले, हे फारच वाईट दिसलं. शेवटी मागून वहिनी म्हणाल्या, “अहो, बस बंद आहे. गणपतीपासून.”

भाऊंनी वळून पाहिलं. “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही तेव्हापासून गाडीतून उतरलाच नाहीत. आज कोपऱ्यावर उतरलात, तेही इथे चालत आल्यासारखं दाखवायला.” मग आमच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “मी खालून चालत आले. मी चालतच येते. माझं माहेर इथे वरच आहे.”

भाऊंनी सावरून घेतलं. राजकारणात पंचवीस वर्षं उगाच काढली नव्हती. बसचं आपण बघूच, पण या भागाची खरी समस्या पार्किंग आहे, असं म्हणून त्यांनी बहुमजली वाहनतळाचा विषय काढला. तेव्हा मला आमची सोसायटी नव्याने दिसली. इतका वेळ मागे टेकून बसलेली माणसं पुढे सरकली. वाहनतळ किती मजली, सोसायटीला आरक्षण मिळेल का, दुसरी गाडी धरणार का. प्रश्नांमागून प्रश्न. तीन मिनिटं कधीच उलटली होती. बाईंनी वाढवायचं का विचारलं तर दहा-बारा जण एकदम हो म्हणाले. भाऊ म्हणाले, वाहनतळ होईपर्यंत स्टॉपवर आणखी एक बाक टाकून देतो.

तेव्हा बाईंनी काठी उचलली, स्टॉपच्या दिशेने.

“बाकं पुरे झाली,” त्या म्हणाल्या. “इथे उमेदवार कोण आहे?”

“म्हणजे आमच्या मंडळीच, पण—”

“मग लाइन त्यांना द्या.”

वहिनींना तोपर्यंत कुणी माइक दिला नव्हता. त्यांनी तो कसा धरायचा हे आधी पाहून घेतलं. त्या म्हणाल्या, वाहनतळाचं मला कळत नाही, मेट्रोचंही नाही. बसचं कळतं, कारण मी तिने जात होते. आले निवडून तर आधी बसच्या मागे लागेन. मिळेलच असं सांगत नाही. आणि बसल्या. तीन मिनिटांतलं जेमतेम अर्धं मिनिट वापरलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि उरलेल्या वेळात सर्वांनी चहा घ्यावा, असं जाहीर केलं.

वहिनी निवडून आल्या. किती मतांनी ते मला पाठ आहे, पण इथे त्याची गरज नाही. मिरवणुकीत गुलाल जास्त भाऊंच्या अंगावर होता.

शिमगा झाला तरी बस आली नाही. बाई खिडकीतच होत्या. बोलणं कमी झालं होतं. माझी बायको एकदा त्यांच्याकडे जाऊन आली आणि अस्वस्थ होऊन मला म्हणाली, “मी दहा मिनिटं बोलत होते. त्यांनी विचारलंच नाही.” हे आम्हा दोघांनाही बरं लक्षण वाटलं नाही.

मग एका दुपारी वहिनी आल्या. एकट्या, चालत. मला खालून हाक मारून बाईंकडे घेऊन गेल्या. बस सुरू होतेय, त्यांनी सांगितलं. पण खालच्या चौकापर्यंतच. वर येणार नाही.

“का?” बाईंनी विचारलं.

“अधिकारी घेऊन आले होते मी पाहायला. ते म्हणाले, रस्ता चांगला आहे, चढाला हरकत नाही, पण वर गाडी वळणार कुठे? तुमच्या फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत सगळ्या मोटारी लावलेल्या आहेत.”

आम्ही तिघांनी खिडकीतून खाली पाहिलं. बस यायची थांबल्यावर पहिली मोटार तिथे लागली होती ती एका पाहुण्याची, एका रात्रीपुरती. आता बावीस होत्या. त्या दिवशी मी खाली उतरून नंबर पाहिले. सोळा आमच्या सोसायटीच्या. बसची जागा खाऊन बसलेल्या मोटारींचे मालक म्हणजे बसच्या सभेला खुर्च्यांवर बसलेली मंडळीच होती.

“कालपर्यंत त्यांत आमचीही एक होती,” वहिनी म्हणाल्या. “भाऊ सभांना येत तेव्हा तिथेच लावत. ती मी काल काढायला लावली. बाकीच्या तुम्ही काढल्यात तर वळण मिळेल. मी तसं लिहून घेतलंय अधिकाऱ्यांकडून.”

सोसायटीची विशेष सभा मी बोलावली. ठराव एकच होता. माझ्याकडे गाडी नाही, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे की नाही, यावरच पहिला अर्धा तास गेला. नंतर एकेकाने आपली बाजू मांडली. बस यायलाच हवी, यावर एकमत होतं. विरोधात एकही माणूस बोलला नाही. एकाची गाडी वडिलांना दवाखान्यात न्यायला लागते, ती लांब लावता येत नाही. एकाची नवीन आहे. एकाने सांगितलं की सगळ्यांनी काढल्या तर तोही काढेल. ‘सी’ विंगमधले एक गृहस्थ म्हणाले की बस आपल्याला भावनिकदृष्ट्या हवीच आहे, पण तिने कोण जातं? बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बूट, पिशवी.

“मी जाते रे,” त्या म्हणाल्या.

“तुमचं वेगळं आहे बाई,” ते गृहस्थ फार प्रेमाने म्हणाले. “तुम्हाला कधी कुठे जायचं असेल तर मला सांगा, मी सोडेन. अर्ध्या रात्री सांगा.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, ट्रंक बोर्डावरची कुठली लाइन जिवंत आहे ते तपासावं तशी.

“तीन मिनिटं झाली,” त्या म्हणाल्या. “वाढवायचं?”

कुणी काही बोललं नाही.

“ठेवते मग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या दारावर काठी आपटली आणि मला जागांचा दलाल शोधायला सांगितलं. मला वाटलं, फ्लॅट विकून बदलापूरला जायचं ठरलं. तसं नव्हतं. फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि दुसरीकडे स्वतः भाड्याने राहायचं. “आता मी भाडेकरू,” त्या म्हणाल्या. “तू बढती घे.”

दलाल तरुण होता आणि त्याला आजीबाईंची फार काळजी होती. त्याने टॅक्सीतून फिरवून शांत जागा दाखवल्या. बागेसमोरची, गल्लीच्या टोकाची, मंदिराला लागून. बाई आत गेल्यावर स्वयंपाकघर पाहत नसत, नळ सोडून पाहत नसत. खिडकीत उभ्या राहत आणि बाहेर बघत. काही वेळाने म्हणत, “काही जात नाही इथून,” आणि बाहेर येत. चौथ्या जागेनंतर दलाल रडकुंडीला आला. म्हणाला, आता फक्त घाटकोपरच्या पुढे एक आहे, पण ती दाखवण्यात अर्थ नाही. तळमजला आहे, पण बसडेपोच्या भिंतीला लागून. पहाटे पहाटे गाड्यांची घरघर सुरू होते, कुणी टिकत नाही.

बाईंनी तिथे खिडकीत उभं राहून एक बस बाहेर पडताना पाहिली. मग दुसरी. तिसरी आत येताना पाहिली. नळ मी सोडून पाहिला.

भाच्याला कळलं तेव्हा तो धावत आला. अट बस येण्याची होती, आणि बस आलेली नाही, असं त्याने मावशीला समजावलं. “ती नाही आली, मी गेले,” बाई म्हणाल्या. “माणूस आणि बस एका ठिकाणी असल्याशी कारण. कोणी हलायचं ते अटीत नव्हतं.” भाच्याने माझ्याकडे पाहिलं. हिशेबात मला चूक सापडली नाही, तसं मी सांगितलं. बिचाऱ्याने रजा टाकून सामान बांधून दिलं. टेंपो निघाला तेव्हा बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या आणि फाटकातून बाहेर पडताना मोकळी जागा नसल्यामुळे टेंपोला तीनदा मागेपुढे करावं लागलं. आमचे सगळे सभासद गॅलऱ्यांतून हात हलवत होते. बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडी कुणी काढली नाही.

मे महिन्यात मी आणि बायको आंब्यांची पेटी घेऊन बाईंकडे गेलो. कळवण्याचा प्रश्न नव्हताच. माझ्या मनात काळजी होती ती हीच, की बसच्या हट्टापायी बाईंनी ओळखीची माणसं सोडली, आता त्या आवाजात एकट्या बसून राहत असतील. दाराला कुलूप होतं. पायरीवर भाचा बसला होता, मांडीवर औषधांची पिशवी. सकाळपासून आलाय म्हणाला. शाळा सुरू व्हायला अजून थोडे दिवस होते आणि एकदा शेवटचं समजावून पाहावं, असा त्याचा विचार होता. पण समजावण्यासाठी मावशी सापडायला हवी होती.

आम्हीही पायरीवर बसलो. भिंतीपलीकडून एक बस बाहेर पडली की खिडकीच्या काचा थरथरत, आणि त्या शांत होतात तोवर दुसरी निघे. बोललेलं एकमेकांना ऐकू येत नव्हतं. ऊन उतरलं. शेजारच्या बाई नळावरून आल्या. त्यांचे यजमान डेपोतच कामाला होते. आम्हाला पाहून त्यांनी विचारलं, आजींकडे आलात का? त्या कुठे घरी असतात? सकाळी गेट उघडलं की जातात. काल उरणच्या बाजूला कुठेतरी जाऊन आल्या, आमच्यासाठी सुके बोंबील आणले. परवा तर कुठे गेल्या होत्या ते त्यांनाही नीट सांगता येईना, पण खूश होत्या. आज कुठल्या गाडीने गेल्या, माहीत नाही.

भाच्याने घड्याळ पाहिलं. “अहो, एक्याऐंशी वर्षांची बाई,” तो म्हणाला. “एकटी. फोन नाही. अंधार पडायला आला. परत कशी येणार ती?”

शेजारच्या बाईंना या प्रश्नाचं नवल वाटलं. त्यांनी कळशी खाली ठेवली, आतून एक खुर्ची आणून भाच्याजवळ ठेवली आणि म्हणाल्या, “कुठल्याही गाडीने येतील ना. शेवटी सगळ्या इथेच येतात.”